उशिराचा हिशेब

कुष्ठरोग ओळखायला यंत्र लागत नाही. लागतो तो दिवसाचा उजेड, एक साधं बॉलपेन आणि दहा मिनिटांचा निवांतपणा. रुग्णाला खिडकीपाशी बसवायचं, कारण खोलीतल्या अंधुक दिव्यात फिकट चट्टा सहज नजरेतून निसटतो. पेनाचं टोक हलकेच टेकवायचं, आधी धडधाकट कातडीवर, मग चट्ट्याच्या कडेला, मग मध्यभागी. काय करणार आहोत ते डोळे उघडे असतानाच समजावून द्यायचं, मग डोळे मिटायला सांगायचे आणि जिथे लागलं तिथे बोट ठेवायला सांगायचं. ‘लागलं का?’ असं विचारण्यात अर्थ नसतो. माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. शेजारच्या कातडीवर बोट नेमकं पडलं आणि चट्ट्यावर टेकवलेलं पेन कळलंच नाही, तर निदान जवळजवळ झालं. मग कोपर वाकवून त्यामागच्या खाचेत बोटं फिरवायची. काही आपटलं की जिच्यामुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती नस तिथे हाताला लागते. दोन्ही हातांच्या नसा एकमेकींशी ताडून पाहायच्या. एक दोरीसारखी जाड आणि दाबल्यावर दुखणारी निघाली, तर उरलासुरला संशयही फिटतो. गजकर्ण खाजतं. कोड पांढरंफटक असतं, पण त्यावर स्पर्श कळतो. कुष्ठाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घामही धड येत नाही. या रोगाची सगळी लबाडी त्यातच आहे. जे दुखत नाही ते दाखवायला मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल?

क्षयाचा जंतू याच घराण्यातला. मायकोबॅक्टेरियम हे घराण्याचं नाव, आणि दोन खुणा सगळ्या कुळाला लागू पडतात. पहिली, अंगावरचं मेणचट कवच. नेहमीचे रंग त्यावर धड चढत नाहीत. मात्र गरम करून चढवलेला कार्बोल फ्युक्सिनचा लाल रंग आम्लाने धुतला तरी उतरत नाही. दुसरी खूण संथपणाची. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीसेक तास लागतात, कुष्ठाच्या जंतूला जवळपास दोन आठवडे. कॉलरा माणसाला एका दिवसात आडवा करतो. क्षय आठवडे आणि महिने घेतो. कुष्ठाचा जंतू शिरल्यापासून पहिली खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधीकधी वीस. इतका अवधी देणारे शत्रू वैद्यकात थोडेच. तरीही क्षयाने मरणाऱ्या आणि कुष्ठाने हातपाय गमावणाऱ्या माणसांच्या यादीत आपला देश जगात वरच्या ओळीत आहे. या लेखाचं म्हणणं असं, की या दोन रोगांत आपली हार औषधाच्या कमतरतेतून होत नाही. मिळालेला अवधी आपण उधळतो म्हणून होते. आणि तो उधळला जातो याचं एक मोठं कारण हिशेबाच्या वहीत आहे. आपण रुग्ण मोजतो, उशीर मोजत नाही.

औषधाची बाजू आधी पाहू, कारण तिथलं यश निर्विवाद आहे. नॉर्वेतल्या बर्गेन इथे हॅन्सनने कुष्ठाचा जंतू १८७३ साली पाहिला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. पण कारण कळणं आणि उपाय हाती येणं यांत साठ-सत्तर वर्षांचं अंतर पडलं. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा कॉखचा शोध चार वर्षांचा झाला होता. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्या पुण्यात क्षयाने गेल्या, आणि त्यांच्या हाती देण्यासारखं औषध तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. मग १९४१ साली अमेरिकेतल्या कार्व्हिल इथे सल्फोन वर्गातलं औषध कुष्ठरुग्णांना लागू पडलं, १९४० च्या दशकातच स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आणि नंतर रिफाम्पिसिन. एकच औषध दिलं की जंतू त्याला सरावतात, हा धडा दोन्ही रोगांनी शिकवला आणि त्यातून अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत रुजली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने कुष्ठासाठी बहुविध औषधोपचार सुचवला: महिन्यातून एकदा समक्ष घ्यायचा मोठा डोस आणि घरी रोजच्या गोळ्या, सगळं एका पाकिटात. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना होणारी लागण थांबते. साध्या क्षयाला सहा महिने पुरतात. क्लोफाझिमिन या औषधाचा प्रवास तर दोन्ही रोगांचं भाऊबंदपण दाखवतो. १९५० च्या दशकात डब्लिनमध्ये ते क्षयासाठी तयार झालं, तिथे फारसं चाललं नाही, कुष्ठरोगात त्याने नाव काढलं, आणि आता औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर ते पुन्हा वापरलं जातं.

घरी राहूनही उपचार होतात, हे जगाला भारतातूनच कळलं. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या क्षयोपचार संशोधन केंद्राने रुग्णांचे दोन गट केले: एक सॅनेटोरियममध्ये, चांगलं खाणं आणि सक्तीची विश्रांती घेऊन, दुसरा गरीब वस्तीतल्या आपल्या दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना तीच. १९५९ साली निकाल आला, तो असा की बरं होण्यात फरक नाही. आणि पुढच्या काही वर्षांच्या पाहणीत, घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाल्याचंही दिसलं नाही. डोंगरावरची हवा, खाटांच्या रांगा, सक्तीचा एकांतवास या साऱ्याची गरज एका अभ्यासाने संपवली. घरच्यांना लागण व्हायची ती बहुतेक निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते, हा त्यातला दुसरा अर्थ. उपचार न मिळालेला, बेडक्यात जंतू असलेला रुग्ण वर्षभरात दहा-पंधरा जणांना जंतू देतो, असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे घरच्यांना धोका असतो तो खोकला सुरू झाल्यापासून रोगाला नाव मिळेपर्यंतच्या दिवसांत. तेच दिवस आपण कुठेही लिहून ठेवत नाही.

मोजायचं एकक चुकलं की काय होतं, याचा धडा कुष्ठरोगाने दिला आहे. १९९१ साली जागतिक आरोग्य सभेने ठराव केला, की २००० सालापर्यंत कुष्ठरोग ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून उरू नये. समस्या उरली नाही हे ठरवायची कसोटी अशी: दर १०,००० लोकांमागे उपचार घेत असलेले रुग्ण एकाहून कमी. भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा पन्नासाच्या वर होता. डिसेंबर २००५ मध्ये तो एकाखाली आला आणि तशी घोषणा झाली. आता या आकड्याची रचना पाहा. त्यात फक्त औषध चालू असलेले रुग्ण येतात. उपचार चोवीस महिन्यांवरून बारावर आणले, की नव्या रुग्णांत काहीही फरक न पडता वहीतली संख्या निम्मी होते. एकाच चट्ट्याच्या रुग्णाला काही काळ एकच डोस दिला जात होता. तो तर सकाळी वहीत चढला आणि संध्याकाळी उतरला. हौदातलं पाणी उतरलं म्हणजे नळ बंद झाला असं होत नाही. खालचं भोक मोठं केलं तरी पाणी उतरतंच.

नवे रुग्ण तरी खरेच घटले होते का? २००१ साली भारतात सहा लाखांहून अधिक नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले, २००५ साली सुमारे १ लाख ६० हजार. चार वर्षांत जवळपास तीन-चतुर्थांश घट. ज्या रोगाला अंगात दिसायलाच सरासरी पाच वर्षं लागतात, तो चार वर्षांत इतका ओसरू शकत नाही. लागण एका रात्रीत थांबली असती, तरी आधी लागण झालेली माणसं वर्षानुवर्षं दवाखान्यात येत राहिली असती. न्यायाने सांगायचं तर या घटीतला काही भाग वहीच्या साफसफाईचा होता: दुबार नावं, चुकीची निदानं. बाकीचा भाग शोधणं थांबल्याचा होता. त्यानंतरचं दशकभर आकडा सव्वा लाखाच्या आसपास ठाण मांडून बसला आणि अलीकडे तो लाखाच्या घरात आहे. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले. दरम्यान स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. त्यामागचा विचार चांगला होता. कुष्ठरुग्णाने वेगळ्या दारातून का यावं? पण विलीन झाल्या त्या खुर्च्या. कोपरामागची नस चाचपणारी बोटं निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी तेवढी बोटं तयार झाली नाहीत. जो रोग ‘संपला’ आहे तो शिकायला कोण वेळ देईल?

महाराष्ट्राला हे नुकसान जास्त जाणवायला हवं, कारण घरोघरी जाऊन शोधण्याची पद्धत इथेच मुरली. वर्ध्याला १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. वारदेकरांच्या काळात पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री घेऊन गावंच्या गावं पिंजून काढली, आणि पुढे देशाच्या कार्यक्रमाने तीच वाट धरली. पण मराठी वाचकाला कुष्ठरोग म्हटलं की काय आठवतं? वरोऱ्याचं आनंदवन, अमरावतीचं तपोवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर. बाबा आमटे, शिवाजीराव पटवर्धन, मनोहर दिवाण. या कामाचं मोठेपण वादातीत आहे, आणि समाजाने टाकलेल्या माणसाला काम आणि मान देणं हे उपचाराइतकंच मोलाचं आहे. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे: त्या कामाची सुरुवात होते तिथे निदानाचा पराभव आधीच होऊन गेलेला असतो. झडलेली बोटं, बसलेलं नाक, पायाच्या जखमा ही आपल्या मनातली कुष्ठरोगाची प्रतिमा उशिराची प्रतिमा आहे. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं रोगाने सडत नाहीत. स्पर्श गेल्यामुळे चटके, घासणं, ठेचा कळत नाहीत आणि दुर्लक्षित जखमांतून ती झिजतात. म्हणजे पाठीवर फिकट चट्टा असलेली शाळकरी मुलगी, चालताना पायातली चप्पल निसटली तरी न कळणारा शेतकरी, करंगळी हळूहळू आखडत चाललेली विणकर बाई, हे कुष्ठरोगाचे खरे चेहरे. ते आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून त्या मुलीला गजकर्णाचं मलम मिळतं.

या उशिराची किंमत मोजता येते. नसेची ताकद किंवा संवेदना जाऊन सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू झालं, तर गेलेलं बरंचसं परत येण्याची आशा असते. त्यानंतर ती झपाट्याने मावळते. औषधांनी जंतू मरतात, वाकलेलं बोट सरळ होत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया, व्यायाम आणि जन्मभर एमसीआर रबराची मऊ चप्पल. शिवाय उपचार चालू असताना आणि संपल्यावरही शरीराची जंतूंविरुद्धची प्रतिक्रिया अचानक उसळते, चट्टे लाल होतात, नसा सुजतात, आणि औषधाने अपाय झाला असं समजून रुग्ण गोळ्या फेकून देतो. त्या वेळी नस तपासणारं कुणी जवळ असेल तर हात वाचतो. बरा झालेला माणूस आणि वाचलेला माणूस यांतला फरक हा असा दिवसांचा असतो.

क्षयाकडे वळलं की पहिला आक्षेप समोर येतो: लोकच येत नाहीत, अज्ञानी आहेत, लाजतात, अंगावर काढतात, मग यंत्रणेला काय दोष? या समजुतीला साठ वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं आहे. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर भागात क्षयरुग्ण शोधून त्यांना विचारलं, तुम्हाला काही जाणवत होतं का, तुम्ही काय केलंत? १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेकांना लक्षणांची जाणीव होती, आणि निम्म्याहून अधिक जण आधीच उपचारासाठी कुठे ना कुठे जाऊन आले होते. खोकल्याचं औषध घेऊन परत आले होते. भारतातल्या अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तिचा निष्कर्षही याच वाटेचा: पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंत साधारण ५५ दिवस, त्यांतले रुग्णाच्या बाजूचे सुमारे १८ आणि डॉक्टरकडे पोचल्यावर निदान होईपर्यंतचे ३१. निदान होण्याआधी रुग्ण सरासरी दोन-तीन दारं फिरलेला. मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षित ‘नकली रुग्ण’ खासगी दवाखान्यांत पाठवून पाहिले, तेव्हा दहांपैकी तीन-चार भेटींतच योग्य पाऊल उचललं गेलं. बाकीच्यांना मिळाली ती अँटिबायोटिकं, खोकल्याची बाटली, नाहीतर स्टिरॉइड. हे डॉक्टर निष्काळजी होते असं म्हणणं सोपं आहे. पण रोज खोकल्याचे पन्नास रुग्ण पाहणाऱ्याला त्यातला एक क्षयाचा ओळखायचा असतो, आणि तो चुकला तरी त्याला कधी कळत नाही, कारण रुग्ण दुसरं दार शोधतो. आपली चूक परत भेटत नसेल तर माणूस शिकणार कसा?

या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असं मात्र नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षय पाहणीत लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक कुठेही गेलेले नव्हते. बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केलं होतं. त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करतो: सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. फक्त लक्षणं विचारत बसलो असतो, तर ते निसटले असते. म्हणजे ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर दवाखान्यात या’ ही भिंतीवरची सूचना आवश्यक आहे, पुरेशी नाही. जो खोकतच नाही त्याच्यासाठी ती भिंत कोरीच आहे. न येणाऱ्याकडे जायचं आणि आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही दोन्ही कामं एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. लोकांच्या अज्ञानाकडे बोट दाखवून दोन्ही टाळता येतात, म्हणूनच ते बोट इतकं लोकप्रिय आहे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा: आता यंत्रं आली, मग डोळ्यांची आणि बोटांची रड कशाला? यंत्रांचं महत्त्व मोठं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलीटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू लागतात; सीबी-नॅट हे यंत्र त्याच्या कितीतरी कमी जंतूंवर बोलतं, दोनेक तासांत निकाल देतं आणि रिफाम्पिसिन चालणार की नाही हेही सांगतं. गोव्यात घडलेलं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावतं, आणि २०२० साली त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. पण यंत्राचं काम डबी त्याच्यापाशी पोचल्यावर सुरू होतं. त्या डबीची गोष्ट पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे रुग्णाला सांगतात, ‘थुंकी द्या’. थुंकी म्हटलं की तोंडातली लाळ डबीत पडते. हवा असतो तो बेडका: चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीच्या तळातून खाकरून काढलेला घट्ट, पिवळसर ऐवज. चारचौघांत तसं खाकरायला बाईमाणसाला संकोच वाटतो. पाकिस्तानात रावळपिंडीला हे तपासून पाहिलं गेलं. नमुना कसा द्यायचा हे ज्या स्त्रियांना नीट समजावलं, त्यांच्यात जंतू सापडण्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १३ वर गेलं. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. खर्च दोन मिनिटं बोलण्याचा. महागड्या यंत्रात लाळ घातली, तर यंत्र अचूकपणे सांगणार की इथे काही नाही.

झटपट पण चुकीची तपासणी तर उशिराहून घातक. क्षयासाठी केली जाणारी रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी इतकी बेभरवशाची ठरली, की २०१२ साली सरकारला तिच्यावर बंदी आणावी लागली; तोवर हजारो लोक तिच्यासाठी खिशातले पैसे मोजत होते. उलट, लाल रंगलेला प्रत्येक जंतू क्षयाचाच असतो असंही नाही. पाण्यात-मातीत राहणारे याच कुळातले दूरचे नातलग इंजेक्शनच्या जागी किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या जखमेत गाठी करतात आणि क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. निदान लवकर हवं याचा अर्थ घाईचं हवं असा नव्हे. नाव बरोबर असेल तरच ते लवकर मिळाल्याचा उपयोग. मग चिठ्ठीही बरोबर हवी. १९९१ साली मुंबईतल्या झोपडपट्टी भागातल्या शंभरएक खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. जवळपास वीस वर्षांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकार लिहिले, आणि औषधांची जुळणी बरोबर फक्त सहांची. चुकीच्या चिठ्ठीतून जंतू औषधाला सरावतो, आणि मग तोच रुग्ण पहिल्यापेक्षा जास्त उशिरा, जास्त महागड्या निदानाच्या रांगेत उभा राहतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. हे रोग गरिबीचे आहेत. भूक, अंधाऱ्या खोल्या आणि खाणीतली धूळ तशीच ठेवून निदानाच्या गप्पा म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू औषधं येण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणात घटले होते, हा इतिहास आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा धान्य आणि डाळ दिली, तेव्हा त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. ताट हीदेखील लस आहे, असं म्हणायला आता पुरावा आहे. क्षयरुग्णाच्या आहारासाठी सरकार देत असलेले निक्षय पोषण योजनेतले महिना ५०० रुपये २०२४ अखेर हजार झाले, ते त्याच दिशेचं पाऊल. पण एक प्रश्न विचारून पाहावा: त्या चाचणीत शिधा कोणत्या घरी पोचवला? जिथे क्षयाचं निदान झालं होतं त्या घरी. निदान होईपर्यंत कमावता माणूस कामावरून सुटतो, दागिने गहाण पडतात, मुलांचं दूध आटतं. उशीर हा गरिबीचा परिणाम आहे तसा तिचा कारखानाही आहे. कुष्ठरुग्णाच्या निकटवर्तीयांना रिफाम्पिसिनचा एक डोस दिला की पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यातला रोग निम्म्याहून अधिक घटतो, हे बांगलादेशातल्या चाचणीत दिसलं. तो डोसही निदान झाल्याशिवाय कुणाच्या दारात जात नाही. गरिबी हटेपर्यंत थांबा, हा सल्ला देणाऱ्याचं घर बहुधा हवेशीर असतं.

राहिला लांच्छनाचा प्रश्न. घरोघरी शोध घेतल्याने रुग्ण उघडे पडतात, लग्नं मोडतात, भाडेकरूला घर सोडावं लागतं, असं सांगतात, आणि ते खोटं नाही. १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून जायला २०१९. पण लांच्छन खातं ते विकृतीवर. ज्याचे हातपाय शाबूत आहेत आणि ज्याच्या गोळ्या बारा महिन्यांत संपल्या, त्याला बोट दाखवायला जगाला जागा सापडत नाही. म्हणून शोध गुपचूप, विश्वासाने, एका रोगाचा बोभाटा न करता व्हायला हवा. आशाताई रक्तदाब आणि मधुमेह तपासताना कातडी आणि खोकलाही विचारू शकतात. शोधच न घेणं हे मात्र रुग्णाची लाज झाकणं नव्हे. ती लाज पिकेपर्यंत वाट पाहणं आहे.

मग वहीत काय बदलायचं? उशीर मोजता येत नाही, रुग्णाला तारीख आठवत नाही, अशी अडचण सांगितली जाईल. खोकल्याची तारीख नेमकी नाही आठवली, तरी ‘दिवाळीच्या आधी की नंतर’ एवढं कुणीही सांगतं, आणि सांख्यिकीला तेवढं पुरतं. कुष्ठरोगात तर साक्ष अंगावरच असते. निदानाच्या दिवशीच ज्याचा हात किंवा पाय डोळ्यांना दिसेल इतका वाकडा आहे, त्याचा उशीर त्याच्या बोटांवर लिहिलेला असतो. नव्या रुग्णांत अशांचं प्रमाण आणि लहान मुलांचं प्रमाण हे दोन आकडे कुष्ठ कार्यक्रमाजवळ आजही आहेत. फक्त घोषणा त्यांच्यावर होत नाहीत. क्षयातही तसंच. २०२५ पर्यंत क्षय ‘संपवायचा’ संकल्प झाला. २०१५ च्या तुलनेत नवे रुग्ण ८० टक्क्यांनी घटवायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे लाखामागे २३७ वरून २०२४ पर्यंत १८७ झाले, म्हणजे सुमारे २१ टक्के. ही घट जगाच्या सरासरीपेक्षा चांगली आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण ‘संपवणं’ या शब्दाने कुष्ठरोगात काय केलं, ते पाहून झालं आहे.

रुग्णसंख्या हेच माप असलं, की खालच्या यंत्रणेला एक न बोललेला संदेश जातो. जो तालुका मन लावून शोधतो त्याचा आकडा वाढतो, आणि बैठकीत त्यालाच उभं केलं जातं. जो खिडकीपाशी कुणालाच बसवत नाही, त्याची पाटी स्वच्छ. उशीर मोजला की हा न्याय उलटतो. रुग्ण वाढले पण निदानापर्यंतचे दिवस ५५ वरून ३० वर आले, नव्या कुष्ठरुग्णांत वाकडा हात एकही नाही, तर तो तालुका पुढे. आकडा शून्य आहे पण वर्षाअखेरीस एक झिजलेला पाय दारात आला, तर त्याला जाब. त्यासाठी नवं खातं नको, नवी घोषणा नको. उपचाराच्या कार्डावर आज नोंदणीची तारीख असते. तिच्या वर आणखी दोन रकाने हवेत: पहिली खूण कधी दिसली, आणि त्यानंतर ती पहिल्यांदा कुणाला कधी दाखवली. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर समाजाने उत्तर द्यायचं आहे, नंतरचं दवाखान्याने. आज दोन्ही अंतरं रुग्णाच्या नावावर खर्ची पडतात.